उघडी ठेवलेली जखम

एप्रिल उजाडला की मुलुंडच्या नाक-कान-घसा दवाखान्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो. वार्षिक परीक्षा संपत आलेली असते, पोराच्या टॉन्सिल्स काढायच्या हे ठरलेलं असतं आणि रजेचं गणित जुळवायचं असतं. ‘‘डॉक्टर, सोमवारी ऑपरेशन केलं तर पुढच्या रविवारी गावी निघता येईल ना?’’ म्हणजे ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडायची, सकाळी आजोळी. तोवर पोरगं घरभर उड्या मारायला लागलेलं असेल, असा हिशेब. डॉक्टर नाही म्हणतात. दोन आठवडे मुंबई सोडायची नाही. आई-बाबा एकमेकांकडे बघतात. अपेंडिक्स काढलेला माणूस आठवडाभरात टाके काढून मोकळा होतो. मग टॉन्सिलसारख्या एवढ्याशा गोष्टीला पंधरा दिवसांचा तुरुंगवास कशाला?

डॉक्टरांना बाहेर रांग असते, म्हणून उत्तर बहुधा ‘रक्त येऊ शकतं’ एवढ्यावरच आटपतं. खरं उत्तर घशाच्या रचनेत आहे, आणि ती रचना समजून घ्यायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही.

पोराला खिडकीपाशी उभं करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि ‘आ’ करायला सांगा. मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंनी मांसाच्या दोन-दोन कमानी खाली उतरतात. पुढची कमान जिभेच्या कडेला जाऊन मिळते, मागची घशाच्या भिंतीत विरते. या दोन कमानींच्या मध्ये प्रत्येक बाजूला जो कोनाडा तयार होतो, त्यात टॉन्सिल बसलेली असते. तिच्या पृष्ठभागावर बारीक भोकं दिसतात. ती आत खोलवर जाणाऱ्या चिरांची तोंडं. अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, जंतू त्यांत अडकतात. हा काही रचनेतला दोष नव्हे. तोंडावाटे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची ओळख प्रतिकारशक्तीच्या पेशींना करून द्यायची, हेच टॉन्सिलचं काम आहे.

ती एकटी नसते. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या पोकळीत अ‍ॅडिनॉइड असतं. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी 1868मध्ये त्याच्या वाढीने मुलांचं नाक कसं बंद होतं हे दाखवून दिलं. जिभेच्या मुळाशीही याच जातीची ऊती असते. या सगळ्यांचं मिळून घशाभोवती एक कडं होतं. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी 1884मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून सातव्या-आठव्या वर्षापर्यंत हे कडं घशाच्या मानाने चांगलंच भरलेलं असतं, पुढे वयात येता येता आक्रसतं. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाच्या टॉन्सिल मोठ्या दिसल्या म्हणजे लगेच काही बिघडलंय असं होत नाही. शिवाय टॉर्चच्या उजेडात दिसतो तो टॉन्सिलचा आतला चेहरा. रक्तस्रावाची सगळी गोष्ट तिच्या पाठीमागे घडते, आणि ती पाठ टॉर्चने दिसत नाही.

टॉन्सिलच्या पाठीवर एक पांढरट, चिवट आवरण असतं. त्याच्या बाहेर सैलसर ऊतीचा एक पातळ थर, त्याच्या बाहेर घशाला आवळणारा स्नायू. हा स्नायू जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा. टॉन्सिल काढायची म्हणजे आवरण आणि स्नायू यांच्या मधल्या त्या सैल थरातून वाट काढायची. भिजवलेल्या बदामाचं साल बोटाने ढकललं की सुटून येतं, कोरड्या बदामाचं नखाने खरवडावं लागतं. इथेही तसंच आहे. ज्या मुलाला फारसा संसर्ग झालेला नाही, फक्त घोरणं आहे, त्याची टॉन्सिल सुटून येते. वर्षानुवर्षं घसा धरत आलेला, कधी टॉन्सिलच्या मागे पू होऊन गेलेला असेल, तर तो सैल थर चिकटून घट्ट झालेला असतो. मग सर्जनला तसूतसूने पुढे जावं लागतं आणि रक्तही जास्त जातं.

आता रक्त येतं कुठून? हाताच्या बोटाच्या पेराएवढ्या या अवयवाला पाच धमन्यांकडून रक्त मिळतं. मानेतली मोठी कॅरोटिड धमनी वर जाताना दोन फाटे फोडते, बाहेरचा आणि आतला. टॉन्सिलच्या पाचही धमन्या बाहेरच्या फाट्याच्या पोटशाखा आहेत. चेहऱ्याकडे जाणारी धमनी दोन शाखा देते. त्यांतली एक स्नायूला भोक पाडून टॉन्सिलच्या खालच्या टोकाशी शिरते, आणि तीच मुख्य. तिसरी जिभेच्या धमनीकडून, चौथी घशाच्या भिंतीवरून वर चढणारी, पाचवी वरून टाळूतून उतरणारी. एक वाट बंद केली तरी बाकीच्या चार उघड्या. याशिवाय टाळूकडून खाली येणारी एक शीर टॉन्सिलच्या पाठीला घासून जाते आणि स्नायू भेदून बाहेर पडते. ऑपरेशनच्या वेळी भळभळणारं रक्त पुष्कळदा या शिरेचंच असतं. धमनीचं रक्त उसळतं म्हणून लगेच सापडतं. शिरेचं नुसतं साचत राहतं.

कॅरोटिडचा आतला फाटा मेंदूकडे जातो. तो टॉन्सिलला रक्त देत नाही, पण शेजारी असतो: मोठ्या माणसात टॉन्सिलच्या मागे आणि बाहेरच्या बाजूला सुमारे अडीच सेंटिमीटरवर, लहान मुलात त्याहून जवळ. क्वचित एखाद्याच्या घशात तो वळणं घेत आत सरकलेला असतो. गुणसूत्र 22 चा एक छोटा तुकडा गळालेला असण्याचा जो जन्मजात दोष आहे, त्या मुलांत हे अधिक आढळतं. म्हणून अनुभवी सर्जन हत्यार हातात घेण्यापूर्वी घशाच्या मागच्या भिंतीकडे क्षणभर टक लावून पाहतो, तिथे काही ठोके पडताना दिसतात का म्हणून.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचं दृश्य बाहेरच्याला जरा विचित्र वाटेल. मूल पूर्ण भुलीत, खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकलेली, श्वासाची नळी तोंडातून घातलेली. तोंड उघडं ठेवायला बॉइल-डेव्हिस नावाची कमान लावतात. हा बॉइल म्हणजे ज्याचं भुलीचं यंत्र आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतं, तोच लंडनचा भूलतज्ज्ञ. सर्जन मुलाच्या डोक्याच्या बाजूला बसतो, म्हणजे त्याला घसा उलटा दिसतो. टॉन्सिल चिमट्यात धरून मध्यरेषेकडे ओढायची, पुढच्या कमानीच्या कडेला बारीक छेद द्यायचा आणि पांढरं आवरण दिसलं की त्याचा हात सोडायचा नाही. वरून खाली सोडवत यायचं. खालच्या टोकाशी, जिथे मुख्य धमनी शिरते, तिथे तारेचा फास किंवा दोऱ्याची गाठ. मग रिकाम्या कोनाड्यात गॉज दाबून धरायचं आणि थांबायचं. गॉज काढल्यावर जिथून रक्त येईल ती जागा बांधायची किंवा विद्युतप्रवाहाने डागायची.

यानंतरची दोन मिनिटं मला सगळ्या शस्त्रक्रियेत सर्वांत महत्त्वाची वाटतात. जबड्याची कमान सैल करून पुन्हा लावतात, कारण ताणलेल्या घशात दबून राहिलेली रक्तवाहिनी ताण गेला की वाहू लागते. आणि पडजिभेच्या वर, नाकाच्या मागच्या पोकळीत नळी घालून साचलेलं रक्त ओढून घेतात. तिथे राहून गेलेली गुठळी मूल भुलीतून बाहेर येताना घरंगळून श्वासनळीच्या तोंडाशी बसली तर जीव जाऊ शकतो. सर्जन मंडळी तिला ‘कॉरोनर्स क्लॉट’ म्हणतात, संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या नावाने. मुंबईत हे पद 1999 पर्यंत होतं, तेव्हा इथल्या जुन्या डॉक्टरांना या नावातली धमकी वेगळी समजावून सांगावी लागत नसे.

एवढं झाल्यावर जखम शिवत नाहीत, आणि पंधरा दिवसांचं कारण इथे सुरू होतं. पोटाची जखम शिवता येते, कारण तिथे कडेला कडा जुळते. इथे कोनाड्याचा तळ म्हणजे सतत हलणारा स्नायू. गिळताना, बोलताना, जांभई देताना तो आवळतो. त्यावर लाळ वाहते, तोंडातले असंख्य जंतू वस्तीला असतात. तेव्हा तळ उघडाच ठेवतात आणि शरीराला खालून वर भरून यायला वेळ देतात. पाच वाटांनी रक्त येणारी, कातडी नसलेली, दिवसभर हलणारी ओली जागा तोंडात घेऊन मूल घरी येतं.

या भागात हत्यार चालवताना रक्ताची भीती जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात बाविसाव्या अध्यायात वाढलेली पडजीभ कापण्याची कृती येते: अंगठा आणि तर्जनीने ती ओढून जिभेवर धरायची आणि मंडलाग्र शस्त्राने कापायची, पण जास्त नाही आणि कमीही नाही. जास्त कापलं तर रक्त वाहून मृत्यू येईल, कमी कापलं तर सूज राहील, अशी ताकीद तिथे आहे. टॉन्सिलच्या सुजेशी ज्याची सांगड घातली जाते त्या तुंडिकेरीलाही थोड्या फरकाने हाच विधी सांगितला आहे. पहिल्या शतकातल्या रोममध्ये सेल्सस बोटाने टॉन्सिल सोडवून उपटायला सांगतो आणि मग व्हिनेगरने धुवायला. भूल नाही, दिवा नाही, रक्तवाहिनी बांधायची सोय नाही. अशा स्थितीत ‘जास्त कापू नका’ म्हणणाऱ्याला मी अधिक मार्क देईन. एकोणिसाव्या शतकात गिलोटिनसारखं हत्यार आलं. भोकातून टॉन्सिल ओढायची आणि पातं खटकन दाबायचं. आवरणासकट, थर ओळखून टॉन्सिल सोडवण्याची आजची पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुळली.

ऑपरेशनआधी आपल्याकडे ‘बीटी-सीटी’ नावाची तपासणी हमखास लिहून दिली जाते. बोटाला टोचायचं आणि रक्त किती वेळात थांबतं, किती वेळात गोठतं हे घड्याळावर पाहायचं. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे निर्धास्त. पण रक्त न थांबण्याच्या सौम्य आजारांत, विशेषतः त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा फॉन विलेब्रांट आजार असताना, ही चाचणी बिनदिक्कत नॉर्मल येऊ शकते. त्यापेक्षा चार प्रश्न जास्त कामाचे. दुधाचा दात पडला तेव्हा रक्त किती वेळ येत होतं? घोळणा वारंवार फुटतो का, आणि फुटला की लवकर थांबतो का? कुठे फारसं न आपटता अंगावर काळेनिळे डाग उठतात का? आईला पाळीत फार रक्त जातं का, बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं का? शेवटचा प्रश्न मुलाच्या घशासाठी विचारला जातोय हे कळत नाही म्हणून आया उत्तर द्यायला संकोचतात, त्यात सासूबाई शेजारी बसलेल्या असतात. पण हा आजार मुलींनाही होतो, आणि पुष्कळ घरांत ‘आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं’ या वाक्यामागे तो पिढ्यान्‌पिढ्या लपलेला असतो.

महाराष्ट्रात आणखी एक प्रश्न विचारायला हवा: नात्यात लग्न झालंय का? मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्या अनेक समाजांत आहे. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होणारे रक्तस्रावाचे काही दुर्मीळ आजार आहेत. बिंबाणू आकाराने आणि संख्येने ठीक असूनही एकमेकांना न चिकटणं हा त्यांतला एक. नात्यातल्या लग्नांच्या मुलांत ते अधिक दिसतात. शंका आली तर मुलुंडकरांना फार लांब जावं लागत नाही: परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय रुधिरप्रतिरक्षा संस्था आहे, आणि अशा आजारांचं नेमकं निदान हे तिचं खास काम. आजार सापडला म्हणजे ऑपरेशन कायमचं रद्द असंही नाही. औषधं आणि रक्तघटक हाताशी ठेवून, मोठ्या रुग्णालयात ते करता येतं. न सापडता केलं तर मात्र पंचाईत.

रक्तगटाचा कागदही नुसता फाइलला लावायचा नसतो. 1952मध्ये याच केईएमच्या परिसरात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट ओळखला, जो जगभर ‘बॉम्बे’ गट म्हणून प्रसिद्ध झाला. साध्या चाचणीत तो ‘ओ’ वाटतो, पण या माणसांना ‘ओ’ गटाचं रक्त चालत नाही. बॉम्बे गटाचंच लागतं. भारतात त्याचं प्रमाण दहा हजारांत एक असं सांगितलं जातं. मुंबईच्या लोकसंख्येला हा भागाकार लावून पाहा.

मुळात ऑपरेशन हवंय का, हा प्रश्न या सगळ्याच्या आधीचा. त्यावर न्यूयॉर्कमध्ये 1934मध्ये झालेली पाहणी मला अजूनही अंगावर येते. अकरा वर्षांची एक हजार शाळकरी मुलं घेतली. 611 जणांच्या टॉन्सिल आधीच काढलेल्या निघाल्या. उरलेली 389 शाळेच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी 174 जणांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना नको म्हटलं ती 215 मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी 99 निवडली. राहिली 116. तिसऱ्यांदा आणखी 51. हजारांतून अखेर फक्त 65 जणांच्या टॉन्सिल ‘चांगल्या’ ठरल्या. डॉक्टर टॉन्सिल बघत नव्हते, समोरच्या रांगेतल्या निम्म्या मुलांकडे बोट दाखवायची सवय पाळत होते. पुढे पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइज यांनी 1984मध्ये मोजमापाचा निकष दिला: वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा नीट नोंद होण्याइतका धरला असेल, तर काढण्याचा फायदा दिसतो. आज मात्र लहान मुलांत मोठं कारण दुसरं आहे: रात्री घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं आणि झोपेत श्वास अडखळणं. तिथे फायदा खराखुरा आहे, आणि रक्ताची जोखीम घ्यायला अर्थ आहे.

जोखीम किती? इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये 2003-04 साली 33,921 शस्त्रक्रियांची नोंद ठेवली गेली. रक्तस्राव झाला 3.5 टक्के रुग्णांना. पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं 0.9 टक्क्यांना. पाच वर्षांखालच्या मुलांत प्रमाण 1.9 टक्के, पाच ते पंधरा वयात 3 टक्के, सोळाच्या वर 4.9 टक्के. म्हणजे मुलांत रक्त मोठ्यांपेक्षा कमी वेळा येतं. मग मुलांची एवढी काळजी का?

कारण रक्ताचा साठा लहान. मुलाच्या शरीरात किलोमागे साधारण 75 मिलिलिटर रक्त असतं. सतरा-अठरा किलोच्या पाच वर्षांच्या मुलात एकूण सव्वा ते दीड लिटरच्या दरम्यान. पाणी प्यायचा स्टीलचा पेला साधारण 200 मिलिलिटरचा. मोठ्या माणसाचं तेवढं रक्त गेलं तर तो रक्तदान करून आल्यासारखा चहा-बिस्किट खाईल. या मुलाचा तो सातवा हिस्सा आहे. त्यातून मुलाचं शरीर फसवं. रक्तवाहिन्या आवळून ते रक्तदाब टिकवून धरतं, पाव हिस्सा रक्त जाईपर्यंत आकडा बरा दिसतो, आणि मग एकदम कोसळतो. म्हणून नर्स रक्तदाबापेक्षा नाडीकडे बघते. शांत झोपलेल्या मुलाची नाडी चढतच चालली असेल तर ती डॉक्टरांना फोन लावते.

आणि मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. उशीवर डाग नाही, टॉवेल कोरा, पोर डोळे मिटून पडलंय. पण दर काही सेकंदांनी गळ्याशी हालचाल होतेय. गट, गट. ऑपरेशनच्या पहिल्या रात्री याकडे लक्ष ठेवायचं असतं. भूल उतरली की रक्तदाब पूर्ववत होतो, आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात, खोकल्याने गाठ निसटू शकते. या पहिल्या 24 तासांतला रक्तस्राव शंभरात एकालाही होत नाही, पण झाला तर बहुधा रुग्णालयातच होतो. जवळ डॉक्टर असतात.

घरी आल्यावरचा रक्तस्राव वेगळा. दुसऱ्या दिवशी कोनाड्यात पांढरट-पिवळट साय धरलेली दिसते. आज्या घाबरतात: पू झाला! तो पू नसतो, जखमेवरची नैसर्गिक खपली असते. तोंडात ओलाव्यामुळे ती कोरडी न होता पांढरी दिसते. श्वासाला वास येतो, तोही अपेक्षित. कानात ठणकतं, कारण टॉन्सिलच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूचीच एक फांदी मध्यकर्णाला जाते. कानात थेंब टाकून उपयोग नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल सुधारल्यासारखं वाटतं आणि पाचव्या ते दहाव्या दिवसांत साय सुटू लागते. तिच्याखाली नवी, नाजूक ऊती असते आणि तिच्यात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. जंतूंनी हात दिला किंवा साय वेळेआधी निघाली की त्यांतली एखादी उघडी पडते. बहुतेक रक्तस्राव याच दिवसांतले.

आता ते रविवारचं गणित पुन्हा मांडून पाहा. सोमवारी ऑपरेशन, पुढच्या रविवारी सहावा दिवस. रात्री गाडी कशेडीच्या आसपासच्या अंधारात, डब्यात डॉक्टर असेल तर नशीब, आणि पुढचे चार दिवस अशा गावात जिथून तालुक्याचं ठिकाण तासाभरावर आणि भूलतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी. नेमक्या ज्या दिवसांत थिएटर जवळ हवं, त्याच दिवसांत आपण त्याच्यापासून सर्वांत लांब जातो. परीक्षा संपताच, एप्रिलच्या मध्यात ऑपरेशन उरकलं तर मेचा आख्खा महिना गावासाठी मोकळा राहतो. मुलुंडच्या अनेक डॉक्टरांचं एप्रिलचं वेळापत्रक त्यामुळेच भरलेलं असतं.

खाण्याबद्दल घरोघरी वाद होतात. सहा महिने ‘आइस्क्रीम खातोस म्हणून टॉन्सिल वाढल्या’ म्हणणाऱ्या घरात डॉक्टरांनीच आइस्क्रीम सांगितलं की आजी-आजोबांचा विश्वास डळमळतो. मऊ भात, दहीभात, गार पेज, खीर चालतं. चकली, चिवडा, वेफर्स यांचे काटे नव्या ऊतीला सोसत नाहीत. पण ‘काय खायचं नाही’ यापेक्षा पाणी पीत राहणं मोठं. दुखतं म्हणून मूल पीत नाही, मग घसा सुकतो, स्नायू आखडतो, जंतू वाढतात. वेदनेचं औषध मूल रडायची वाट न पाहता घड्याळ लावून द्यायचं ते यासाठी. औषध डॉक्टरांनी लिहिलेलंच. अ‍ॅस्पिरिन नाही, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर नाहीच. काही मुलांचं शरीर कोडीनचं मॉर्फिनमध्ये इतक्या झपाट्याने रूपांतर करतं की श्वास मंदावून मृत्यू झाले आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013मध्ये टॉन्सिलनंतर मुलांना ते देण्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा दिला.

हत्यारांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण जाहिराती तिथेच असतात. ब्रिटनमध्ये ‘मॅड काऊ’शी संबंधित मेंदूच्या आजाराची दहशत होती तेव्हा त्याचे घातक प्रथिनकण टॉन्सिलमध्ये राहतात असं आढळलं, आणि नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने ते जात नाहीत. म्हणून 2001च्या जानेवारीत टॉन्सिलसाठी एकदाच वापरून फेकायची हत्यारं सक्तीची झाली. उद्देश निर्दोष. पण नव्या हत्यारांनी रक्तस्राव वाढले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारला जुन्या पोलादी हत्यारांकडे परतावं लागलं. मघाशी सांगितलेली 33,921 शस्त्रक्रियांची मोजदाद या गोंधळातूनच जन्मली. तिच्यात आणखी एक गोष्ट उघड झाली: विद्युतप्रवाहाने किंवा तत्सम उष्ण पद्धतीने कापलं तर त्या दिवशी रक्त कमी दिसतं, पण नंतरच्या आठवड्यातला धोका नुसत्या पोलादी हत्याराने कापून दोऱ्याने बांधण्याच्या मानाने सुमारे तिपटीवर जातो. उष्णता तळाच्या स्नायूत खोल उतरते, साय जाड धरते, आणि सुटताना जास्त काही घेऊन सुटते. कोब्लेशन हे तंत्र तुलनेने कमी तापमानावर चालतं आणि हातखंडा असलेल्या सर्जनकडे चांगले निकाल देतं. घोरण्यासाठी ऑपरेशन असेल तर टॉन्सिलचा बहुतांश भाग काढून आवरण तसंच ठेवायची पद्धतही आता वापरली जाते. तळ उघडाच पडत नाही, वेदना आणि रक्त दोन्ही कमी, फक्त उरलेला तुकडा पुन्हा वाढण्याची थोडी शक्यता. ‘बिनरक्ताची, लेझरने’ असं पाटीवर वाचून निवड करण्यापेक्षा सर्जनला विचारा की ते स्वतः कोणती पद्धत सर्वांत जास्त करतात आणि दहाव्या दिवशी रात्री रक्त आलं तर फोन कोण उचलेल.

दुसरा प्रश्न मुलुंडमध्ये फार महत्त्वाचा. पाच रस्त्यापासून दोन्ही अंगांना, पूर्वेला-पश्चिमेला लहान नर्सिंग होम पुष्कळ आहेत, आणि सरळसोट ऑपरेशनला ती उत्तम. पण मध्यरात्री भूलतज्ज्ञ, रक्त आणि थिएटर तिन्ही एकाच वेळी कुठे मिळेल हे आधी ठरवून ठेवलेलं हवं: महापालिकेचं अग्रवाल रुग्णालय, गोरेगाव लिंक रोडवरचं फोर्टिस, की पूर्व द्रुतगती मार्गाने थेट सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय. सायन सुमारे अठरा किलोमीटर. मेमध्ये रात्री वेळ फार लागत नाही, जुलैच्या पावसात गांधी मार्केटला पाणी भरलं की काही सांगता येत नाही.

रक्त दिसलं तर ते थोडं आहे का जास्त, हे घरी ठरवायचं नाही. चमचाभर येऊन आपोआप थांबलेलं रक्त काही वेळा मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ सूचना असतं. मुलाला आडवं न करता बसतं करा, मान पुढे, समोर वाटी. रक्त थुंकायला सांगा, गिळू देऊ नका. खायला-प्यायला काही नाही. कॉफीसारखी काळपट उलटी झाली तर ते गिळलेलं जुनं रक्त आहे हे समजा आणि निघा. वाटी सोबत घ्या. किती गेलं हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.

रुग्णालयात आधी सलाइनची सुई, रक्ताचा नमुना, क्रॉसमॅच. जखमेत गुठळी दिसली तर ती काढतात, कारण गुठळी असेपर्यंत भोवतालचा स्नायू आवळून वाहिनीचं तोंड बंद करू शकत नाही. मोठं समजूतदार मूल असेल तर औषधात बुडवलेलं गॉज तिथल्या तिथे दाबूनही भागतं. लहान असेल तर थिएटर. आणि इथे सर्वांत अवघड काम सर्जनचं नसून भूलतज्ज्ञाचं असतं. मूल घाबरलेलं, शरीरातलं रक्त कमी झालेलं, पोट रक्ताने भरलेलं. भूल लागताच ते उलटून फुप्फुसात जायची भीती. नळी घालायची तर घसा रक्ताने भरलेला, सुजलेला, दिसत काही नाही. म्हणून आधी सलाइन किंवा रक्त देऊन नाडी सावरायची, दोन सक्शन नळ्या हाताशी ठेवायच्या, झटपट भूल आणि झटपट नळी. त्यानंतर सर्जनला पुष्कळदा एकच वाहती जागा सापडते, बरेचदा खालच्या टोकाशी, जिथे ती मुख्य धमनी शिरते. ती बांधायला काही मिनिटं पुरतात. मूल शेवटचं पाणी किती वाजता प्यालं, कोणकोणती औषधं घेतली आणि गिळण्याची हालचाल केव्हापासून दिसत होती, हे भूलतज्ज्ञ पहिल्याच मिनिटाला विचारतात. तेव्हा मुलाजवळ रात्री जो जागा होता, त्यानेच रुग्णालयात सोबत जावं.